मनोविश्लेषकांच्या मुलाखती : सिद्धांत पुरे, खोलीत काय घडतं ते सांगा

कुळागर

मनोविश्लेषकांच्या मुलाखती ऐकायचा मला नाद आहे. मडगाव-पणजी रोजचं येणं-जाणं, गाडीत दुसरं करायचं तरी काय? मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड त्याच्या घराण्यातले, त्याच्यापासून फुटलेल्या युंगच्या घराण्यातले, दोन्हीकडून बाहेर पडलेले, सगळे ऐकून झाले. त्यातून एक मत तयार झालंय. ते इथे टाकतो, मग काय त्या शिव्या घाला.

विश्लेषक आपल्या खोलीबद्दल बोलतो तेव्हा तो ऐकण्यासारखा असतो. समोरचा माणूस पाऊण तास गप्प बसला तर आपण काय करतो, फी कशी सांगतो, आपण सुट्टीवर जाणार म्हटलं की पेशंट का बिथरतात, एखाद्या पेशंटसमोर आपल्याला झोप यायला लागली तर त्याचा अर्थ काय लावायचा. तोच माणूस आधुनिक मानव, पश्चिमेचा आत्मा, पूर्वेचं शहाणपण ह्यावर घसरला की मी आवाज बंद करतो.

उदाहरण देतो. १९५९ साली बीबीसीवर जॉन फ्रीमनने युंगची मुलाखत घेतली. युंग तेव्हा ८४ वर्षांचा. देव मानता का, ह्यावर त्याने सांगितलं की मला मानायची गरज नाही, मला माहीत आहे. ते वाक्य जगभर गाजलं, अजून लोक त्याची पोस्टरं करून टाकतात, आणि युंगला स्वतःला मागाहून त्यावर लेखी खुलासा करावा लागला. माझ्या लेखी त्या मुलाखतीचा खरा ऐवज दुसरीकडेच आहे. आपण खूप म्हाताऱ्या माणसांवर उपचार केले, असं तो सांगतो. मरण समोर उभं असताना त्यांची नेणीव, म्हणजे जाणिवेखालचं मन, काय करते हे त्याने पाहिलं होतं. ती मरणाची दखलच घेत नाही, आणखी बराच काळ जगायचंय अशा थाटात पुढे चालते. म्हणून तो म्हाताऱ्यांना सांगायचा की उद्याची वाट बघत जगा, मागे बघत बसू नका. हे पेशंट पाहिलेल्या माणसाचं बोलणं आहे. देवाबद्दलचं वाक्य टाळ्यांचं.

फ्रॉइडचा तर आवाजच जेमतेम दोन मिनिटांचा उरलाय. डिसेंबर १९३८, लंडनमधलं घर, जबड्याचा कर्करोग, शब्द फुटताना होणारा त्रास ऐकू येतो. त्यात तो काय सांगतो? मी मज्जाविकारांचा डॉक्टर म्हणून सुरुवात केली, माझ्या पेशंटना आराम पडावा एवढीच धडपड होती. लोकांचा विरोध झाला आणि झगडा अजून संपलेला नाही. बस. माणूस वयाच्या ८२ व्या वर्षीही सुरुवात पेशंटपासूनच करतो.

आणि आपल्याकडचे सुधीर कक्कर. गोव्याबाहेरच्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण त्यांनी आयुष्याची शेवटची बरीच वर्षं आपल्या बाणावलीत काढली. एप्रिल २०२४ मध्ये गेले. आधी इंजिनियर, मग अर्थशास्त्र, मग अहमदाबादेत मनोविश्लेषक एरिक एरिक्सनची गाठ पडली (तो गांधीजींवर काम करायला आला होता) आणि गाडी रुळ बदलून मनोविश्लेषणाकडे वळली. फ्रँकफर्टला शिक्षण घेतलं, १९७५ पासून दिल्लीत पेशंट पाहायला सुरुवात केली. त्यांच्या मुलाखतींत मला सगळ्यात भावतं ते हे: फ्रँकफर्टहून शिकून आलेला हा माणूस शांत, तटस्थ बसायचा आणि समोरचा भारतीय पेशंट त्याच्याकडून गुरूची अपेक्षा करायचा. सांगा ना साहेब, मी काय करू? लग्न मोडू की नको? अशा वेळी गप्प राहणं हे तंत्र म्हणून बरोबर की उद्धटपणा? ह्या पेचाबद्दल ते प्रामाणिकपणे बोलतात.

तर मंडळी, तुम्ही असलं काही ऐकता का? कुणी स्वतः त्या खुर्चीत बसून आलंय का? लिहा.

मांडवीकाठ

वा, बरा विषय काढलास. पण गोव्याचं नाव घेतोस तर बाणावलीपासून कशाला, कांदोळीपासून सुरुवात कर की!

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला झग्यातला पाद्री हात पसरून उभा आहे आणि समोर बाई कोसळतेय, तो पुतळा आपण लहानपणापासून बघतो. १९४५ सालचा. पर्यटक त्याच्यासमोर तसेच हात पसरून फोटो काढतात. तो आबे फारिया, जन्म कांदोळी, १७५६. आई-बाप वेगळे झाले, बाप पाद्री झाला, आई ओल्ड गोव्यात सांता मोनिकाच्या मठात जोगीण. मुलगा बापाबरोबर लिस्बनला, मग रोमला, शेवटी पॅरिसला. (हे घराणं एखाद्या विश्लेषकाच्या हाती लागायला हवं होतं!)

तेव्हा पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या मताची चलती. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलातरी चुंबकी द्रव निघतो आणि पेशंटमध्ये शिरतो, अशी समजूत. १८१३ पासून फारियाने तिथे जाहीर प्रयोग केले आणि सांगितलं की द्रव वगैरे काही नाही, माझ्यात कसलीच शक्ती नाही. जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात घडतं, त्याच्या स्वतःच्या एकाग्रतेने आणि सूचनेने. म्हणजे सगळा कारभार जादूगाराकडून काढून पेशंटच्या मनाकडे सोपवला. १८१९ मध्ये तो गेला, त्याच साली त्याचं पुस्तक निघालं. पुढे फ्रान्समधल्या नान्सीच्या लिएबो आणि बर्नहाइम ह्या डॉक्टरांनी हाच धागा पकडला आणि १८८९ मध्ये बर्नहाइमकडे शिकायला कोण गेलं? व्हिएन्नाचा डॉ. फ्रॉइड.

त्यामुळे खोल मनाच्या ह्या सगळ्या कारभारात आमच्या बार्देश तालुक्याचा वाटा आहे, हे नोंदवून ठेवतो. आणि ती "कातर रे भाजी"ची गोष्ट सगळ्यांना माहीत आहेच. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन देताना पोराची बोबडी वळली, बापाने मागून कोंकणीत कुजबुजून सांगितलं की ही सगळी भाजी आहे, काप भाजी! आणि पोरगा धडाधड बोलायला लागला. खरी की दंतकथा देव जाणे, पण सूचनेचं सामर्थ्य ज्याने जगाला दाखवलं त्याच्याबद्दल नेमकी हीच गोष्ट उरावी, ह्यात मजा आहे.

शंकासुर

मांडवीकाठ, अभिमान समजू शकतो. पण फारियापासून फ्रॉइडपर्यंत रेघ ओढताना एक विसरलात. फ्रॉइडने संमोहन सोडून दिलं. म्हणजे वारसा मिळाला तो नाकारण्यासाठी.

आता मूळ धाग्याबद्दल. कुळागर म्हणतात सिद्धांत सोडा, खोलीतलं ऐका. अहो, खोलीतलं तर आणखी तपासता येत नाही! तिथे दोनच माणसं, तिसरा साक्षीदार नाही आणि दोघांपैकी एक जण पैसे घेतोय. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने उदाहरण दिलं होतं: एक माणूस पोराला पाण्यात ढकलतो, दुसरा जीव धोक्यात घालून पोराला वाचवतो. फ्रॉइड दोघांचंही स्पष्टीकरण देतो, त्याचा जुना सहकारी ॲडलरही दोघांचं देतो. जो सिद्धांत कधी चुकूच शकत नाही त्यात विज्ञान कुठे आलं?

तुलनेला आपल्याच गोव्यातलं काम घ्या. संगथ ह्या संस्थेने इथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ पेशंटवर चाचणी केली. उपचार कोण देणार? डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञ नाही, गावातलीच प्रशिक्षण दिलेली माणसं. सहा ते आठ भेटी. बालपण उकरायचं नाही, स्वप्नं विचारायची नाहीत. दिवसभरात काय करतोस, काय करायचं सोडलंस, ते पुन्हा कसं सुरू करायचं, एवढंच. तीन महिन्यांनी उपचार मिळालेल्यांत ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या देखभालीत ३९ टक्के. २०१७ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलं. आता सांगा, आठवड्यातून चार वेळा कोचावर पडून वर्षानुवर्षं बोलायची गरज कुणाला आहे?

निळी_खिडकी

वाचतेय. भांडण चालू ठेवा 🙂

फोंड्याचा_डॉक्टर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, विश्लेषक नाही. औषधं लिहितो, दिवसाला किती पेशंट बघतो ते विचारू नका.

शंकासुरांनी दिलेले आकडे बरोबर आहेत आणि त्या कामाचा गोव्याने अभिमान बाळगावा. माझ्या ओपीडीत येणाऱ्या बहुतेकांना तेच लागतं. पण सहा भेटींनी सगळेच बरे होत नाहीत, हे त्याच आकड्यांत लिहिलंय. उरलेल्या ३६ टक्क्यांचं काय करायचं हा माझा रोजचा प्रश्न.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये नेमक्या अशा लोकांवर अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. वर्षानुवर्षं नैराश्य, निदान दोन उपचार फसलेले, असे १२९ पेशंट. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर अठरा महिने, आठवड्यातून एकदा, विश्लेषणाच्या अंगाने जाणारी थेरपी. ती संपली त्या दिवशी दोन गटांत फारसा फरक नव्हता. फरक दिसायला लागला तो त्यानंतरच्या दोन वर्षांत. थेरपी घेतलेले हळूहळू सुधारत गेले, दुसऱ्या गटातले बहुतेक होते तिथेच राहिले. पूर्ण बरे झालेले दोन्हीकडे कमीच, हेही सांगायला हवं. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ देणारा दुसरा कुठला उपचार नव्हता, हा आक्षेपही रास्त आहे. पण "तपासता येत नाही" हे म्हणणं आता जुनं झालं. तपासतात, आणि निकाल गुंतागुंतीचे येतात.

जाता जाता: ह्या धाग्यावर कुणी खरोखर अडचणीत असेल, जीव नकोसा झाला असेल, तर मुलाखती ऐकत बसू नका. टेलि-मानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. नाहीतर सरळ बांबोळीला आमच्या मनोरुग्ण संस्थेत या. लाज कसली त्यात.

आबोली

बरेच दिवस वाचनमात्र होते. कुळागरनी विचारलं म्हणून लिहिते. मी बसून आलेय त्या खुर्चीत. म्हणजे खुर्ची माझ्याच घरातली, विश्लेषक बाई मुंबईत, मध्ये लॅपटॉप. आठवड्यातून दोनदा, काही वर्षं. आमच्या डिचोलीच्या घरात बंद दाराआड कुणाशी बोलणं हीच मुळी बातमी होते. सासूबाईंना ऑफिसची मीटिंग सांगितली होती.

मुलाखतींत सांगत नाहीत ते असं की सुरुवातीला भयंकर कंटाळा येतो. बाई काही विचारतच नाहीत. मी हवापाण्यावर बोलायची, ऑफिसातल्या राजकारणावर बोलायची, मग शब्द संपायचे. त्या तशाच बसून. मला वाटायचं, पैसे मोजून ही शांतता विकत घेतेय मी? आणि मी एकदा दहा मिनिटं उशिरा आले तर मात्र त्यांना त्यात रस! नेट गेलं होतं असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, असेल. आणि मागच्या वेळी आपण कुठे थांबलो होतो? मागच्या वेळी आम्ही माझ्या वडिलांपाशी थांबलो होतो.

नेवऱ्यांचा (म्हणजे करंज्यांचा) किस्सा सांगते, तो ऐकला की सगळं कळेल. चवथीला आमच्याकडे नेवऱ्यांचे डबे सगळीकडे जातात. शेजारी, माहेरी, डॉक्टरांकडे, पोराच्या टीचरकडे. मी बाईंना कुरियरने पाठवल्या. पुढच्या भेटीत मी वाट बघतेय, आता म्हणतील छान झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, डबा मिळाला, त्याबद्दल बोलूया का? मला इतका राग आला! आमच्यात नेवरी मिळाली तर माणूस खातो, तिच्याबद्दल बोलत नाही. तो अख्खा तास मी त्यांच्यावर चिडण्यात घालवला. शहरी, कोरड्या, माणूसघाण्या, काय काय म्हटलं. त्या ऐकत राहिल्या, रागावल्या नाहीत, दिलगिरीही व्यक्त केली नाही.

मग पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू वर आलं की मला रिकाम्या हाताने कुणासमोर बसताच येत नाही. काहीतरी देऊन टाकलं की मग मला तिथे बसायचा हक्क मिळतो, असं माझं गणित. आईचंही तेच होतं. पाहुण्यासमोर ती कधी टेकलेली मला आठवत नाही, कायम ताट घेऊन उभी. मी पैसे देतच होते बाईंना, पण ते पुरे वाटत नव्हतं. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी "हो, खरंय" म्हणून विसरून गेले असते. राग येऊन गेल्यावर कळलं ते राहिलं.

ह्यालाच ते ट्रान्सफरन्स म्हणतात, हे नंतर वाचलं. घरचं जुनं नातं त्या माणसावर जाऊन बसतं. वाचून काहीच झालं नसतं.

(नेवऱ्यांचं पुढे काय झालं? खाल्ल्या त्यांनी. बऱ्याच दिवसांनी मी विचारलं तेव्हा सांगितलं 😄)

परतीचा_पाऊस

आबोली, __/\__ ह्याहून चांगली मुलाखत मी ऐकलेली नाही.

कुळागर

आबोलीबाय, तुमच्या ह्या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. मी म्हणत होतो ते हेच.

शंकासुर, तुम्ही म्हणता फ्रॉइडने संमोहन टाकून दिलं. बरोबर, पण का टाकलं ते बघा. त्याची एक पेशंट होती, तिला तो एम्मी फॉन एन. म्हणतो. तो प्रत्येक लक्षणावर विचारत सुटला, हे कुठून आलं, ते कुठून आलं. ती वैतागून म्हणाली, सारखं विचारू नका, मला काय सांगायचंय ते सांगू द्या. फ्रॉइडने ऐकलं. फारियाने शक्ती जादूगाराकडून काढून पेशंटच्या मनाला दिली होती, इथे बोलण्याचा हक्कही पेशंटकडे गेला. मला ती रेघ सरळ दिसते. आणि पद्धत डॉक्टरच्या डोक्यातून निघाली नाही, खोलीतल्या भांडणातून निघाली, हे माझ्या मुद्द्याला धरूनच आहे.

आबोलीबाईंच्या नेवऱ्यांवरून कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस आठवले. १९२२ मध्ये त्यांनी आपल्या घरात भारतीय मनोविश्लेषण संस्था सुरू केली. फ्रॉइडशी अनेक वर्षं पत्रव्यवहार, प्रत्यक्ष भेट कधीच नाही. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला ह्यांनी हस्तिदंताची विष्णुमूर्ती पाठवली, आणि फ्रॉइडने ती ठेवूनही घेतली. इथे मात्र भेटीवर चर्चा झाली नाही! पण पत्रांत बोस मुळीच नमते घेत नाहीत. तुम्ही बापाच्या धाकाबद्दल जे लिहिता ते युरोपात तसं असेल, माझ्या भारतीय पेशंटांत ते तितकं जोरकस दिसत नाही. उलट स्त्री व्हावंसं वाटण्याची इच्छा आमच्या पुरुषांत सहज वर येते, असं त्यांनी सरळ कळवलं. त्या काळात, गुलाम देशातून, गुरूला. फ्रॉइडने सौजन्याने उत्तरं दिली आणि आपलं मत बदललं नाही.

कक्करांनी पुढे तेच सूत धरलं. फ्रॉइडच्या ईडिपसच्या (बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ग्रीक राजाच्या) जागी त्यांनी आपल्या घरातली गोष्ट घेतली, गणपती आणि कार्तिकेयाची. एक मोरावर बसून जग फिरायला जातो, दुसरा आईभोवती फेरी मारून जिंकतो. भारतीय मुलाच्या मनात हे दोघेही असतात, एकाला सुटायचंय, दुसऱ्याला आईला सोडायचं नाही. आणि आपल्याकडे पूजा कुणाची धूमधडाक्यात होते ते चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना आठवा.

शंकासुर

आणि कार्तिकेयाचं मंदिर शोधत फिरावं लागतं. मान्य, उदाहरण चपखल आहे. पण चपखल उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, हे माझं पालुपद मी चालू ठेवतो.

वाळपयकार

मी निवृत्त शिक्षक. सत्तरी तालुक्यातला. विश्लेषण वगैरे माझा प्रांत नाही, लोकपरंपरा थोड्या पाहिल्या आहेत.

कुळागरांच्या एका वाक्याला माझा जोरात पाठिंबा: हे लोक पूर्वेच्या आत्म्यावर बोलायला लागले की आवाज बंद करावा. युंग १९३७-३८ च्या हिवाळ्यात भारतात आला, सायन्स काँग्रेसच्या निमंत्रणावरून. तीन विद्यापीठांनी सन्माननीय पदव्या दिल्या. कलकत्त्यात हगवण लागली आणि इस्पितळात पडला. सांची, कोणार्क पाहिलं. पण साधू-संतांना आपण मुद्दाम भेटलो नाही असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. रमण महर्षी हयात होते, भेटला नाही. आपल्या वाटेनेच सत्य शोधायचं म्हणे. त्याची भूमिका एका परीने प्रामाणिक म्हणेन. पण मग त्याचे चेले येऊन आमच्या प्रत्येक विधीवर आदिबंधाचा (सगळ्या माणसांच्या मनात असलेल्या साच्याचा) शिक्का मारतात, तो कशाच्या जोरावर?

साळच्या गड्यांचंच बघा. डिचोली तालुका, होळीच्या रात्री. धोतर नेसलेले गडे देवळासमोर बसतात, अंगात येतं, आणि अंधारात डोंगराकडे पळत सुटतात. देवचार (गावचा राखणदार) गड्यांना घेऊन जातो, लपवतो आणि मागाहून परत देतो अशी श्रद्धा. मी एका परदेशी अभ्यासकाला घेऊन गेलो होतो. अर्ध्या तासात त्याने वहीत लिहिलं: सावली (युंगच्या भाषेत मनाची नाकारलेली बाजू), दुसरं मन, अंधारातला प्रवास, पुनर्जन्म. सगळं बसलं. मी म्हटलं, बाबा, गडे कोण होऊ शकतो, कुठल्या घराण्याचा मान, कुणी कुणाला आवरायचं, दुसऱ्या दिवशी हा माणूस गावात कसा वागतो, हे विचारलंस का? नाही विचारलं.

धालोंचंही तसंच. पौषात मांडावर बायका समोरासमोर दोन रांगांत नाचतात, शेवटच्या दिवशी रंभा अंगात येते. वर्षभर ज्या बाईला घरात कुणी विचारत नाही तिच्या पाया त्या दिवशी सगळ्याजणी पडतात. ह्यात मनाचं काही नाही असं मी म्हणत नाही. आहेच. पण ते मन एकट्या बाईच्या डोक्यात बसलेलं नाही, अख्ख्या वाड्यात पसरलेलं आहे. कक्करांबद्दल आदर वाटतो तो ह्यामुळे की ते राजस्थानात बालाजीच्या देवळात जाऊन बसले, भूतबाधा उतरवायला आलेल्या माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलले. आधी ऐकलं, मग सिद्धांत लावला. तो पटो न पटो.

मांडवीकाठ

मास्तर, पेटलात! सत्तरीच्या पेशंटबद्दल डॉक्टरांनाही विचारायला हवं. आधी घाडी (भूतबाधा उतरवणारा), मग देवाचा कौल, मग बांबोळी, असाच क्रम असतो ना?

फोंड्याचा_डॉक्टर

बहुतेक वेळा, हो. आणि कौल घेऊन आलेला पेशंट मला परवडतो. देवाने उजवी पाकळी दिली म्हणून गोळ्या नियमित घेणारे आहेत माझ्याकडे. मी कशाला त्यात नाक खुपसू? घाड्याने मारहाण केली, उपाशी ठेवलं किंवा फिट येणाऱ्याची औषधं बंद केली, तर मात्र मी भांडतो.

निळी_खिडकी

अवांतर: आसगाव-मांद्रे पट्ट्यात सध्या "शॅडो वर्क"ची शिबिरं निघालीत. शनिवार-रविवार, योगा, स्मूदी, आणि तुमची सावली तुम्हाला भेटवून देऊ. फी ऐकून माझीच सावली पळाली. शिबिर घेणाऱ्याचं शिक्षण विचारलं तर म्हणाला, आयुष्य. हे युंगच्या नावावर खपतंय. ह्यावर विश्लेषक मुलाखतींत काही बोलतात का?

कुळागर

बोलतात, दातओठ खाऊन. युंगियन विश्लेषक व्हायचं तर स्वतःचं दीर्घ विश्लेषण, वर्षानुवर्षं अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केसेस, परीक्षा, एवढं लागतं. झुरिकची संस्था १९४८ पासून हे शिकवते. भारतात निदान एवढं तरी तपासा की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वसन परिषदेत नोंदणी आहे का. शनिवार-रविवारात जी भेटते ती सावली नव्हे. आबोलीबाईंना ती नेवऱ्यांच्या डब्यात भेटली, आणि चांगली चिडचिड करून भेटली.

शंकासुर

नोंदणीचा मुद्दा मान्य. आता माझा शेवटचा प्रश्न, खरोखर जाणून घ्यायचंय म्हणून विचारतो, तिरकस नाही. पेशंटचं ट्रान्सफरन्स तपासतात, ठीक. विश्लेषकाचं कोण तपासतो? सबीना श्पीलराइन झुरिकला पेशंट म्हणून आली आणि युंग तिच्यात गुंतला, हे जगजाहीर आहे. बंद खोली, एक हळवा माणूस, दुसऱ्याच्या हाती सगळी सत्ता. आबोलीताईंच्या बाई चांगल्या निघाल्या. न निघाल्या असत्या तर?

कुळागर

रास्त प्रश्न, आणि ह्याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर त्यांच्याकडेही नाही. विश्लेषकाचं स्वतःचं विश्लेषण आधी झालंच पाहिजे हा आग्रह गंमत म्हणजे युंगच्या झुरिककरांनीच धरला आणि १९१२ मध्ये फ्रॉइडने त्याचं श्रेय त्यांना दिलं. १९२० च्या सुमारास बर्लिनच्या संस्थेने तो शिक्षणाचा भाग केला. म्हणजे घरात चोरी झाल्यावर कुलूप आलं. आज देखरेख, नैतिक समित्या, तक्रारीची सोय असते, निदान मान्यताप्राप्त संस्थांत. तरीही प्रकरणं होतात.

पण डॉनल्ड विनिकॉट हा ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-विश्लेषक १९४७ मध्ये आपल्याच मंडळींसमोर उभा राहिला आणि म्हणाला की विश्लेषकाला पेशंटचा द्वेष वाटतो, आणि तो वाटणं साहजिक आहे. लपवलात तर तो पेशंटवर निघेल. आई बाळाचा द्वेष का करते ह्याच्या कारणांची भलीमोठी जंत्रीच त्याने दिली, बाळ तिला रात्रंदिवस राबवतं इथपासून. वर म्हणाला की ठरलेल्या वेळी तास संपवणं ह्यातही विश्लेषकाचा द्वेष रीतसर व्यक्त होतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी बाजूला घेऊन पुन्हा लावलं. आपल्याकडचा कुठला डॉक्टर, कुठला मास्तर, कुठला गुरू उभा राहून असं बोलेल?

वाळपयकार

मास्तर बोलणार नाहीत. दहावीच्या वर्गावर असताना रोज वाटायचं ते मात्र खरं.

आबोली

😂 मास्तर!

शंकासुर, तुमच्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर: मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही कुणाकडे जाता का? त्यांनी सांगितलं की माझी केस त्या नाव न घेता एका वरिष्ठांसमोर मांडतात. मला आधी उघडं पडल्यासारखं झालं, मग बरं वाटलं. न निघाल्या असत्या चांगल्या, तर मला कळलं असतं का, हे मात्र छातीठोक सांगू शकत नाही.

स्वप्नांबद्दल कुणीच लिहिलं नाही इथे. मुलाखतींत निम्मा वेळ तेच असतं आणि माझ्या तासांत जेमतेम कधीतरी. बाई म्हणायच्या, स्वप्न सांगून झालं की अर्थ विचारू नका, त्यातली कुठली गोष्ट सांगायला जिवावर आली ते सांगा. त्यावर वेगळा धागा काढू का?

निळी_खिडकी

काढ काढ. पण चवथ होऊन जाऊ दे, आता कुणाला वेळ नाही.

शंकासुर

काढा. मी येईनच, पॉपरला घेऊन. आणि आबोलीताई, नेवऱ्या इकडेही चालतात. मी चर्चा करणार नाही.